घासलेल्या काचेतलं आकाश

तीनशे मिलिमीटर व्यासाची, म्हणजे बारा इंची, जाड काचेची चकती घ्यायची आणि तिच्या मधोमध पावणेचार मिलिमीटर खोल खळगा करायचा. जळगावच्या नानांनी हे काम आठवड्याभरात उरकलं. त्यानंतर त्या खळग्याचा आकार जास्तीत जास्त सव्वादोन मायक्रॉननं बदलायचा होता. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा कामाला आषाढ, श्रावण आणि भाद्रपद गेला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरी घडलेलं’ हा विषय सुचवला, तेव्हा लोणची-पापडांपासून घरच्या छापखान्यापर्यंत बरंच काही डोळ्यांपुढे आलं. पण खान्देशात काही माणसं घरी मोठ्या दुर्बिणी करतात, आरशासकट, हे कानावर होतं. बाजारातून भाग आणून जोडलेली दुर्बीण वेगळी आणि काच घासून केलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारची माणसं मला बघायची होती. त्यातले एक नाना. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. ‘ताई, काय लिहायचं ते आरशाबद्दल लिहा, माझं नाव नको,’ एवढी एकच अट त्यांनी घातली.

पिंपाभोवतीच्या फेऱ्या

वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाळूनं भरलेलं लोखंडी पिंप उभं आहे. त्यावर एक काच लाकडी पाचरींनी घट्ट बसवलेली. तिच्यावर चिमूटभर कार्बोरंडमची पूड, थोडं पाणी, आणि वर दुसरी काच. हीच पुढे आरसा होणार. नाना दोन्ही तळव्यांनी ती पुढे ढकलतात, मागे ओढतात. दर चार-सहा हातांनंतर काच तळव्याखाली जराशी फिरवतात आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकतात. सुरुवातीला करकर आवाज येतो. पूड बारीक होत गेली की तो मऊ पडतो आणि मग नवी चिमूट लागते. खोलीत यंत्र म्हणावं असं काहीच नाही.

वरची काच पुढे सरकली की तिचा मधला भाग खालच्या काचेच्या काठावर टेकतो आणि सगळा भार तिथे येतो. म्हणून वरची मध्यात झिजते, खालची काठाशी झिजते. एक खोलगट, दुसरी फुगीर. दोन पृष्ठभाग कुठेही सरकवले, कसेही फिरवले तरी सगळीकडे एकमेकांना टेकून राहायचे असतील तर त्यांना गोलाचाच आकार घ्यावा लागतो. कुठे उंचवटा राहिलाच तर घर्षण तिथेच जास्त होतं आणि तो आधी जातो. गोल कोणी मापून आणत नाही, तो आपोआप उतरतो.

मला सर्वांत आवडली ती याच्या पुढची गोष्ट. माणसाचा हात एकसारखा चालत नाही. कधी जोर कमी, कधी जास्त, कधी रेघ तिरकी. बाकीच्या कारागिरीत हा दोष. इथे या विस्कळीतपणामुळेच चुका सगळीकडे सारख्या वाटल्या जातात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उलट एकाच जागी उभं राहून, एकाच लयीत, शिस्तीनं घासत बसलात तर काच एका अंगानं जास्त झिजते आणि तारा ठिपक्याऐवजी रेघेसारखा दिसायला लागतो. चौदा वर्षांचा नातू मधूनमधून हात लावतो, तर नाना त्याला अडवत नाहीत. दुसऱ्या माणसाचा हात मिसळला तर काचेचं भलंच होतं, असं ते म्हणतात.

पूड ८० नंबरपासून सुरू होते. मग १२०, २२०, ४०० आणि त्याहून बारीक. नंबर बदलला की खोली धुवायची, पिंप पुसायचं, अंगावरचे कपडेसुद्धा बदलायचे. ऐंशीचा एक कण चारशेच्या कामात आला की काचेवर असा ओरखडा उठतो की पुन्हा मागच्या नंबरावर जावं लागतं. हा कायदा घरात नानी चालवतात. जळगावात उन्हाळाभर धूळ, दिवाळीनंतर जिनिंगचा कापूस हवेत. म्हणून घासण्याचा हंगाम पावसाळ्याचा. तेव्हा धूळ बसलेली असते आणि आकाश तसंही झाकलेलं असतं.

घासून झालेली काच धुरकट, दुधी दिसते. तिला चकाकी येते ती पिचवर. पिच म्हणजे डांबरासारखा काळा, चिकट पदार्थ. वितळवून खालच्या काचेवर ओततात, चौकोनी खाचा पाडतात आणि त्यावर सिरियम ऑक्साइडचं गुलाबीसर पाणी लावून आरसा फिरवतात. पिच कडक वाटते, पण ती अगदी सावकाश वाहत असते, त्यामुळे आरशाचा आकार ती स्वतः घेते. जळगावच्या उकाड्यात पिच फार मऊ पडते आणि डिसेंबरात दगड होते. योग्य पिचची परीक्षा नाना नखानं करतात.

ब्लेडची धार

गोलाकार आरसा मोठ्या दुर्बिणीला चालत नाही. काठावरून आलेला प्रकाश आणि मधून आलेला प्रकाश एका बिंदूत मिळत नाही. त्यासाठी गोल किंचित खोल करून अन्वस्त आकार आणावा लागतो. लेखाच्या सुरुवातीचे सव्वादोन मायक्रॉन ते हेच. त्यातही चूक एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवायची. फिटरच्या हातातला चांगला मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. इथे त्याच्याही शंभरपट बारीक मोजायचं आहे, घरी, हातखर्चाच्या पैशात.

हे जमतं ते पॅरिसच्या लिऑन फूकोमुळे. लंबकानं पृथ्वीचं फिरणं दाखवणारा हाच तो माणूस. १८५८च्या सुमारास त्यानं आरसा तपासायची एक रीत काढली. तिच्यासाठी लागतो एक दिवा, एक बारीक फट आणि एक सुरीची धार. नानांकडे सुरीच्या जागी दाढीचं ब्लेड आहे, दिव्याच्या जागी एलईडी, आणि फट अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये पाडलेली. जिन्यालगतच्या बोळात एका टोकाला आरसा उभा, दुसऱ्या टोकाला, बरोबर तीन मीटरवर, हे सगळं एका स्क्रूवर सरकणारं. अजून आरशावर कलई नसते, नुसती काच. ती प्रकाशाचा पंचविसावा हिस्सा परत फेकते आणि तेवढा पुरतो.

आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेड आडवं सरकवायचं आणि त्याच्या धारेमागून आरशाकडे बघायचं. गोल आरसा एकदम, सगळीकडून सारखा करडा होतो. अन्वस्त आरशावर सावली पडते, मेदूवड्यासारखी, मध्ये खड्डा आणि भोवती फुगवटा. काच तर डोळ्यांना सपाट दिसणारी. पण त्या सावलीत तिचे डोंगर-दऱ्या उभे राहतात.

त्यामागचं गणित सोपं आहे. गोलाच्या प्रत्येक भागाचं वक्रता केंद्र एकच असतं. अन्वस्ताच्या काठाचं केंद्र मधल्या भागाच्या केंद्रापेक्षा मागे सरकतं. नानांच्या आरशात ते पावणेचार मिलिमीटर मागे पडायला हवं. म्हणजे काचेवरचा सव्वादोन मायक्रॉनचा फरक ब्लेडपाशी पावणेचार मिलिमीटर होऊन येतो, दीड हजार पटींहून मोठा. एवढं अंतर शाळेच्या पट्टीवरही दिसतं. पुठ्ठ्याला खिडक्या पाडून आरशाचा एकेक पट्टा उघडायचा, त्या पट्ट्यावर दोन्ही बाजू एकदम काळवंडतात ती जागा स्क्रूवर वाचायची, वहीत लिहायची. मग पिचवर पाच मिनिटं, आणि पुन्हा तपासणी.

पण लगेच नाही. नानांनी मला आरशावर अंगठा टेकवायला सांगितला आणि ब्लेडमागून बघायला बसवलं. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी होती. माझ्या अंगच्या उष्णतेनं काच तेवढीच फुगली होती. ती हळूहळू विरली, पण चांगला वेळ घेऊन. पाच मिनिटं पिचवर घासलं तरी काच तापते, आणि तापलेल्या काचेचं माप खोटं येतं. म्हणून एक माप घ्यायला एक रात्र. बोळातून हवेची झुळूक गेली तरी आरशावर धुरासारख्या लाटा दिसतात. दिवसभराच्या उकाड्यानंतर भिंती रात्रभर उष्णता सोडतात. तेव्हा पहाटे तीन-चारची वेळ काय ती बरी. नानी म्हणतात, घरात बाळ असल्यासारखं जागरण झालं.

पाटण्याचं धीयंत्र

खान्देशात आकाशाच्या यंत्रांची गोष्ट करताना चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावंच लागतं. गौताळ्याच्या जंगलाच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोन्हदेवानं त्याला दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. भास्कराचार्य कुठले यावर वाद आहेत, पण त्यांचे ग्रंथ शिकवणारी शाळा आपल्या जिल्ह्यात होती, याचा दगडी पुरावा हा.

त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०चा. त्यात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक, अशी यंत्रं सांगून झाल्यावर ते दहावं यंत्र सांगतात, धीयंत्र. धी म्हणजे बुद्धी. हातात नुसती काठी घ्यायची, तिच्या रेषेत बांबूचा बुंधा आणि शेंडा बघायचा आणि त्यावरून बांबू किती दूर, किती उंच ते काढायचं. महागड्या यंत्रांपेक्षा त्यांना या काठीचं मोल जास्त होतं. देवळाच्या पायऱ्यांवर बसून मला जळगावच्या बोळातलं ब्लेडच दिसत होतं. भास्कराचार्यांना दुर्बीण ठाऊक नव्हती, आणि या दोघांत परंपरेचा धागा ओढायची मला घाई नाही. पण स्वस्त वस्तू आणि खणखणीत भूमिती एवढ्यावर सूक्ष्म माप घेता येतं, हा विश्वास दोन्हीकडे एकच आहे.

विकत आणलेली, आणि केलेली

महाराष्ट्रातली जुनी मोठी दुर्बीण मात्र विकतची होती. भावनगर संस्थानच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी ती चालवली. १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि यंत्र कोडाईकनालला गेलं. एका माणसाबरोबर एक वेधशाळा संपली. दुर्बीण करणारे हात पुण्यात तयार झाले असते तर असं झालं नसतं, असं मला वाटतं.

हात तयार करायचं काम पुढे झालं. १९४४मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळांमध्ये अरविंद परांजपे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी आणि हौशी मंडळींनी सहा इंची आरसे घासले आणि आपली दुर्बीण घरी नेली. व्यावसायिक पातळीवरचं उदाहरण तर डोळे दिपवणारं आहे. तामिळनाडूतल्या कावलूरची २.३४ मीटरची दुर्बीण १९८६च्या जानेवारीत सुरू झाली. तिचा प्रचंड आरसा बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत, आपल्याच लोकांनी घासला. तिचं स्वप्न बघणारे वेणू बाप्पू १९८२मध्येच गेले होते. आज तिला त्यांचं नाव आहे.

घरच्या मोठ्या दुर्बिणींचा मूळपुरुष विल्यम हर्शेल. इंग्लंडातल्या बाथ शहरात संगीत शिकवणारा हा माणूस घरात धातूचे आरसे घासायचा. हात काढला तर आकार बिघडेल म्हणून तासन्‌तास थांबायचा नाही; बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची आणि वाचून दाखवायची. मोठ्या आरशासाठी घोड्याच्या लिदीचा साचा केला होता. वितळलेला धातू साच्यातून गळला आणि फरशा तडातडा उडाल्या. अशा घरच्याच एका सहा इंची आरशातून त्याला १७८१च्या मार्चमध्ये युरेनस दिसला.

आणि नानांच्या दुर्बिणीचा सांगाडा ज्याचा, तो जॉन डॉब्सन. बीजिंगमध्ये १९१५ साली जन्मलेला हा अमेरिकन १९४४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेत, संन्यासी झाला. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासायचा. दुर्बिणींचा नाद मठाच्या शिस्तीत बसला नाही आणि १९६७मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यानं सोबत्यांसह रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. आपल्या रचनेचं त्यानं पेटंट घेतलं नाही.

धुळ्याचा लेथ

नानांची पहिली दुर्बीण आठ इंची होती. तिची नळी म्हणजे केळीच्या बागेला पाणी नेणारा अडीचशे मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आतून काळा रंगवलेला. बारा इंचीला हा उपाय चालेना. ३१५ मिलिमीटरच्या पाइपात आरसा मावत नाही आणि ३५५चा उचलवत नाही. म्हणून आता नळीच नाही. खाली आरशाची प्लायवूडची पेटी, वर छोटी कडी आणि मध्ये आठ अॅल्युमिनियमच्या नळ्या. सुटी करून जीपमध्ये टाकता येते.

हे काम झालं धुळ्याला, अवधान एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपात. मालक एरवी पंपांचे शाफ्ट करतात. डोळ्याची काच, म्हणजे आयपीस, पुढेमागे करायचा फोकसर त्यांनी लेथवर काढून दिला. पहिल्यांदा त्यांना हा माणूस काय मागतोय तेच कळेना. नंतर त्यांनी आरशाखालचे तीन त्रिकोण स्वतःहून सुचवले आणि करून दिले. सात किलोची काच तीन बिंदूंवर ठेवली तर स्वतःच्याच वजनानं वाकते, म्हणून तीन त्रिकोणांवर मिळून नऊ टेके. काच कुठे घट्ट आवळायची नाही. आवळली की आकार बिघडला.

बैठक सुताराची. प्लायवूडवर खरबरीत सनमायका, त्यावर टेफ्लॉनचे तुकडे. या जोडीचा गुण असा की जागचं हलवायला लागणारा जोर आणि हलत ठेवायला लागणारा जोर जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे दुर्बीण झटका न देता सरकते. दोनशे पट मोठं करून बघताना तारा एका मिनिटात नजरेबाहेर जातो. तेव्हा मोटार नसलेल्या दुर्बिणीला बोटानं केसभर ढकलता आलं पाहिजे. बॉलबेअरिंग लावलं असतं तर ती वाऱ्यानंही फिरली असती. धुळ्याच्या सुताराला हे समजावून सांगावं लागलं नाही. कपाटाचे दरवाजे कसे चालावेत हे त्याला आयुष्यभर ठाऊक आहे.

गुंजेपेक्षा कमी चांदी

तयार काचेवर परावर्तक थर चढवायचा तो शेवटी. आठ इंचीवर नानांनी घरीच चांदी चढवली होती. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज यांचं द्रावण, काच स्वच्छ धुतलेली, आणि काही मिनिटांत काचेवर चांदी उमटते. बारा इंची आरशावर एक दशांश मायक्रॉनचा थर द्यायचा तर लागते फक्त पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास चांदी, एका गुंजेपेक्षाही कमी. जळगावच्या सराफ बाजारात हा हिशेब सांगितला तर दुकानदार पुन्हा मोजायला लावतो. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. उरलेलं द्रावण कधीही साठवून ठेवायचं नाही, त्यात स्फोटक संयुगं तयार होतात. त्याच दिवशी पातळ करून निकामी करायचं.

चांदी काळी पडते, म्हणून बारा इंची आरसा निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर द्यायला मोठ्या शहरात पाठवला. आरसा एसटीनं पाठवायला नाना धजले नाहीत. स्वतः मांडीवर घेऊन गेले.

चोपड्याकडची रात्र

एप्रिलच्या अमावस्येच्या सुमारास आम्ही चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतात होतो. केळीच्या बागेपासून लांब, कारण बागेची ओल आरशावर दव धरते. जीपमधून उतरवल्यावर आरसा तासभर नुसता उघडा ठेवला होता. काच हवेइतकी थंड झाल्याशिवाय तारे थरथरतच राहतात.

तीनशे मिलिमीटरचा आरसा अंधारात रुळलेल्या डोळ्यापेक्षा सुमारे अठराशे पट जास्त प्रकाश गोळा करतो. अकराच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंग हा तारकासमूह वर आला. त्यात नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपका दिसतो, त्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात. दुर्बिणीत तो ठिपका फुटला. काठापासून मधल्या दाटीपर्यंत सुटे सुटे तारे. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा, कोटीभर ताऱ्यांचा हा गुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. खान्देशातून तो क्षितिजापासून एकवीस-बावीस अंश वर चढतो. आपल्याकडे मोठी दुर्बीण असावी याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे मोटारी चालू करायला निघालेली माणसं बॅटऱ्या घेऊन आली. नानांनी आधी बॅटऱ्या विझवायला लावल्या. एक आजी बराच वेळ आयपीसला डोळा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माय वं, कितला शेतस!’ म्हणजे, किती आहेत! मग त्यांनी सुनेला घरून बोलावून आणायला लावलं. दुर्बीण कितीची, हे तिथे सगळ्यांनी विचारलं. काच घरी घासली हे ऐकल्यावर मात्र प्रश्न बदलले. कशानं घासली, किती दिवस, खालची काच कुठली. शेती करणाऱ्या माणसाला हे प्रश्न बरोबर पडतात.

आमच्या भागातल्या एका शाळेत अनुदानातून आणलेली दुर्बीण कपाटात आहे, खोक्यासकट. बिघडली तर जबाबदारी कोणाची, या धास्तीनं ती बाहेर येत नाही. घासलेल्या दुर्बिणीला ही धास्ती नसते, कारण तिचा प्रत्येक स्क्रू कोणीतरी आतल्याच माणसानं बसवलेला असतो. शाळांना यंत्रं देणाऱ्यांनी दहांपैकी दोन खोकी कमी द्यावीत आणि त्या पैशात काचा, कार्बोरंडम आणि शिकवणारा माणूस द्यावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. आणि गावोगावच्या नव्या एलईडी दिव्यांना वरून टोप्या बसवाव्यात. आग्नेयेला जळगावचा उजेड त्या रात्री बराच वर आला होता.

सुरुवात करणाऱ्यानं बारा इंचीला हात घालू नये, असं नाना सांगतात. दीडशे मिलिमीटर व्यासाची काच घ्यावी आणि नाभीअंतर बाराशे मिलिमीटर ठेवावं. एवढ्या उथळ आरशात गोल आणि अन्वस्त यांतला फरक इतका कमी राहतो की नीट उतरलेला गोलही चालून जातो. सव्वादोन मायक्रॉनची लढाई लढावी लागत नाही. खळगाही फक्त सव्वा मिलिमीटरच्या आतला. नानांच्या पिंपाच्या शेजारी आता दुसरं, कमी उंचीचं पिंप आलं आहे. नातू आणि त्याच्या वर्गातल्या दोघी मुली त्यावर २२० नंबरपर्यंत पोचल्या आहेत. तिथून चारशेला जायचं तर आधी खोली धुवायला हवी, आणि ती कोणी धुवायची यावर त्यांचं अजून ठरलेलं नाही.